रस, कोशिंबीर आणि फेकून दिलेला चोथा

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची हकिगत आधी थोडक्यात सांगते. वय ३६, पुण्यात नोकरी, आहार शाकाहारी. तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ निघाल्यावर त्यांनी कोल्ड प्रेस (न तापवता, मंद गतीने दाबून रस काढणारा) ज्यूसर घेतला आणि गेले तीन महिने त्या रोज सकाळी उपाशीपोटी एक बीट, तीन गाजरे, एक सफरचंद, दोन मुठी कच्चा पालक, पाव दुधी आणि एक आवळा यांचा पेलाभर रस घेत आहेत. रसामुळे नाश्ता बंद झाला आहे आणि रात्री भाकरी-भाजीऐवजी वाडगाभर कच्च्या भाज्या व मोड आलेली कच्ची मटकी असते. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ९.९ आहे, पोट सतत फुगलेले असते आणि दुपारी चारच्या सुमारास हातपाय गळून जातात. सासूबाई म्हणतात, "सगळा चोथा टाकून नुसते पाणी काय पितेस?" ताईंचा प्रश्न असा, की पद्धत चुकते आहे की अजून काही महिने धीर धरावा, आणि सहा वर्षांच्या मुलालाही हा रस सुरू करावा का.

मी २२ वर्षे आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. धीर धरू नका, हे माझे पहिले उत्तर. रस पिणे हा काही अपराध नाही, परंतु तुमच्या बाबतीत रसाने आणि सॅलडने ज्या जेवणांची जागा घेतली, ती जेवणे तुम्हाला रसापेक्षा अधिक देत होती. पुढे लिहिलेल्या काही गोष्टी प्रकृतीवर अवलंबून आहेत: मूतखडा, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या किंवा गरोदरपण यांपैकी काही असेल तर माझा सल्ला बदलतो, आणि तो बदल त्या त्या ठिकाणी सांगेन.

प्रथम हिमोग्लोबिनचा हिशेब पाहू, कारण तुमची सुरुवात तिथून झाली आहे. तुमच्या वयाच्या स्त्रीसाठी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेले लोहाचे प्रमाण दिवसाला २९ मिलिग्रॅम आहे. बिटाचा रंग रक्तासारखा असल्यामुळे त्यात लोह भरपूर असणार, असा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसते. पालकात १०० ग्रॅमला सुमारे ३ मिलिग्रॅम असते, पण दोन मुठी पालक म्हणजे जेमतेम ५० ग्रॅम. तुमच्या पेल्यातील सगळी सामग्री जमेस धरली आणि चोथ्याबरोबर काहीही वाया गेले नाही असे मानले, तरी बेरीज ४ मिलिग्रॅमच्या आसपास थांबते, आणि वनस्पतिजन्य लोहातील अगदी थोडा भागच शरीरात शोषला जातो. याउलट बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात ६ मिलिग्रॅमहून अधिक लोह असते, म्हणजे रात्रीच्या ज्या दोन भाकऱ्या तुम्ही सॅलडसाठी सोडल्या, त्या बाजरीच्या असतील तर त्यांतच रसापेक्षा अधिक लोह होते. त्यातही शोषणाचा प्रश्न आहेच, परंतु त्यावर उपाय तुमच्याच पेल्यात आहे आणि तो म्हणजे आवळा. क जीवनसत्त्व त्याच घासाबरोबर पोटात गेले, तर धान्य-कडधान्यांतील लोह अधिक चांगले शोषले जाते. तुम्ही आवळा सकाळी सहाला घेता आणि डाळ-पोळी दुपारी एकला खाता. आवळा योग्यच आहे, वेळ चुकली. तोच आवळा किसून जेवणात घ्या किंवा उसळीवर लिंबू पिळा, आणि जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा टाळा, कारण चहातील टॅनिन लोह अडवून ठेवते.

तरीसुद्धा ९.८ हा आकडा केवळ आहाराने भरून काढण्याचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, तेव्हा तुम्ही एकट्या नाही. पण एवढ्या सर्वत्र आढळणाऱ्या गोष्टीकडे दुर्लक्षही सर्वत्र होते. डॉक्टरांना दाखवा, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि बी-१२ तपासून घ्या, मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होतो का ते मोकळेपणाने सांगा. बी-१२ कोणत्याही भाजीत नसते, कच्च्या नाही आणि शिजवलेल्याही नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतून मिळते, आणि कमी असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शने घ्यावी लागतात.

आता चोथ्याकडे वळते. काही वर्षांपूर्वी एका रुग्णाशी वाद घालण्यापेक्षा मी घरीच करून पाहिले: अर्धा किलो गाजरे ज्यूसरमधून काढली. रस निघाला पावणेदोन वाट्या आणि मागे उरला ताटलीभर मोकळा, कोरडा, पण अजूनही चांगला नारिंगी चोथा. तो रंग म्हणजे बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, आणि त्याचा बराच भाग रसात न उतरता चोथ्यातच राहिला होता. तंतुमय पदार्थ तर जवळजवळ सगळेच मागे राहतात. आपण तंतूंना उगाच 'पोट साफ होण्यासाठी' एवढ्यापुरते मर्यादित करून ठेवले आहे. जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरावी, पोट भरल्याची जाणीव टिकावी आणि आतड्यातील उपयुक्त जंतूंना खाद्य मिळावे, ही कामेही तेच तंतू करतात. यंत्र महागडे असो की साधे, मंद फिरणारे असो की वेगाने, चोथा वेगळा काढणे हेच त्याचे काम आहे. कोल्ड प्रेसच्या जाहिराती उष्णतेने होणाऱ्या नुकसानीविषयी भरभरून सांगतात आणि चोथ्याविषयी मौन बाळगतात. मिक्सरमध्ये सगळे एकत्र फिरवून न गाळता प्यायले तर तंतू पोटात जातात, एवढा फरक खरा आहे, पण चावण्याचे काम वाचल्यामुळे चार माणसांची कोशिंबीर एक माणूस दोन मिनिटांत पिऊन टाकतो, हा दोष तिथेही राहतोच.

साखरेचेही असेच. तीन गाजरे, एक बीट आणि एक सफरचंद मिळून साधारण ३० ग्रॅम नैसर्गिक साखर होते, म्हणजे सहा चमचे, आणि तीही उपाशीपोटी, तंतूंच्या आडकाठीशिवाय. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातील साखर ही वरून घातलेल्या साखरेच्याच हिशेबात धरते, याचे कारण हेच आहे. तुम्हाला मधुमेह नाही असे मी गृहीत धरते. असेल तर हा पेला आजच बंद करा. माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ गाजर-बीट-सफरचंदाचा रस 'साखर उतरावी म्हणून' सकाळ-संध्याकाळ घेत आणि साखर का चढते हे शोधण्यासाठी जेवणातला भात कमी करत चालले होते. भात अर्ध्या वाटीवर आला तरी आकडा हलेना. रस थांबवल्यावर पंधरा दिवसांत उलगडा झाला. याच गृहस्थांनी एकदा लघवीतून रक्त जाते म्हणून घाबरून रात्री फोन केला होता. ते बिटाचे रंगद्रव्य होते. काही लोकांमध्ये ते न बदलता बाहेर पडते आणि त्याने काही अपाय होत नाही. तरी बीट न खाता लघवी लाल दिसली तर मात्र थांबू नये.

यापुढची गोष्ट या सर्वांहून तातडीची आहे. तुम्ही रोज कच्चा दुधी घालता आणि त्याची चव पाहता की नाही, ते लिहिलेले नाही. एरवी निरुपद्रवी असलेला दुधी कधीकधी कडू निघतो, आणि तो कडूपणा क्युकरबिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो. कडू फळ आकारावरून, सालीवरून किंवा ताजेपणावरून ओळखू येत नाही. असा रस प्यायल्यावर थोड्याच वेळात पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात, उलटीत रक्त येऊ शकते, रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो, आणि यावर उतारा म्हणून कोणतेही औषध नाही. २०१० साली दिल्लीत दुधी आणि कारल्याचा एकत्र रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा अभ्यास करून स्पष्ट सूचना दिल्या: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहावा, किंचितही कडू लागला तर थुंकून टाकावा व पूर्ण फळ फेकून द्यावे, दुधीचा रस अन्य रसांत मिसळू नये, आणि प्यायल्यावर मळमळ किंवा अस्वस्थ वाटले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. मिसळू नये असे का म्हटले आहे, ते तुमच्या पेल्याकडे पाहून लक्षात येईल: सफरचंदाची गोडी आणि आवळ्याचा तुरटपणा यांखाली दुधीचा कडूपणा सहज झाकला जातो. बागेबाहेरच्या गाडीवर मिळणाऱ्या रसातील दुधी कोणी चाखलेला असतो, हे विचारून पाहा. माझा स्वतःचा नियम सोपा आहे: दुधी चाखायचा, आणि मग त्याची चणाडाळ घालून भाजी करायची. शिजवल्याने कडू दुधी सुरक्षित होत नाही, म्हणून चाखणे दोन्हीकडे आवश्यकच.

पालकाचा प्रश्न संथ स्वरूपाचा आहे. पालक, चुका, चाकवत, बीट यांत ऑक्झलेट हे मूतखड्याला कारण ठरू शकणारे द्रव्य असते, आणि कच्च्या पालकात ते फार जास्त असते. भाजी म्हणून माणूस वाटीभर पालक खातो, तोही अनेकदा उकळून, डाळीबरोबर. ताटात दही किंवा ताक असले तर त्यातील कॅल्शियम बरेचसे ऑक्झलेट आतड्यातच बांधून टाकते. रसात मात्र जुडीच्या जुड्या रोज, वर्षभर, उपाशीपोटी जातात. असे रस दीर्घकाळ घेतलेल्या काही लोकांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तुमच्या दोन मुठींनी असे काही होईल असे मी म्हणत नाही. परंतु घरात कोणाला मूतखडा झालेला असेल तर कच्च्या पालकाचा रस बंद करावा, आणि मूत्रपिंडाचा जुना विकार असेल तर कोणताही भाज्यांचा रस पोटॅशियममुळेही वर्ज्य समजावा. अशा रुग्णांना आम्ही भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पोटॅशियम उतरलेले ते पाणी टाकून द्यायला सांगतो, म्हणजे नेमके उलटे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्व औषधाच्या उलट दिशेने काम करते.

मग कच्चे खावे की शिजवून? हा प्रश्न सरसकट विचारला की उत्तर चुकतेच. क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातील एक जीवनसत्त्व) उष्णतेने व पाण्यात उतरून कमी होतात, म्हणून काकडी, मुळा, कांद्याची पात, कोथिंबीर, टोमॅटो, कोबी कच्चे खाण्यात लाभ आहे. गाजरातील कॅरोटीन आणि टोमॅटोतील लायकोपीन हे लाल रंगद्रव्य मात्र शिजवल्यावर आणि थोड्या तेला-तुपासोबत अधिक मिळते. कडधान्ये आणि बटाटा शिजवलेच पाहिजेत, वांगीही शिजवूनच बरी. कच्च्या कोबीने थायरॉइड बिघडतो, अशी भीती अनेकींना असते. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात वाटीभर पचडीने तसे होत नाही. संपूर्ण आहारच कच्चा करण्याचा प्रयोग गांधीजींनी १९२९ साली साबरमतीच्या आश्रमात केला होता. त्यांना आव झाली आणि तो त्यांना थांबवावा लागला. पुढे १९४६ मध्ये त्यांच्याच प्रेरणेने उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. अशा ठिकाणी ठरावीक दिवस, देखरेखीखाली, विश्रांतीसह घेतलेला रसाहार आणि नोकरी करणाऱ्या, रक्तक्षय असलेल्या स्त्रीने तीन महिने घरी चालवलेला रसाहार या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

आपल्याकडे कच्च्या भाज्या खाण्याची पद्धत फार जुनी आहे आणि मला ती सॅलडपेक्षा अधिक विचारपूर्वक घडलेली वाटते. गाजराची कोशिंबीर घ्या. किसलेल्या गाजराला दाण्याचे कूट लावतो, वर मोहरी-हिंगाची फोडणी घालतो, लिंबू पिळतो. कूट आणि फोडणीतील स्निग्धांश कॅरोटीन शोषले जाण्यास मदत करतो, दाण्यातून थोडी प्रथिने येतात, लिंबाचे क जीवनसत्त्व शेजारच्या आमटीतील आणि भाकरीतील लोहाच्या उपयोगी पडते, आणि चोथा जागच्या जागी राहतो. हे सगळे ठरवून झाले असेल असे नाही, पण झाले आहे खरे. सोलापूर-मराठवाड्याकडे भाकरीबरोबर मेथीची आणि करडईची कोवळी पाने तशीच खातात. मेथीचा घोळाणा तर कांदा, तेल, तिखट घालून पाच मिनिटांत होतो. मीठ मात्र वाढण्याच्या क्षणी घाला. आधी घातले की काकडीला पाणी सुटते, आपण ते ओतून देतो, आणि त्याबरोबर विरघळलेली जीवनसत्त्वे व क्षारही मोरीत जातात. दह्यातली कोशिंबीर असेल तर ते पाणी दह्यातच मुरते, म्हणून ती वाटी पुसून खावी.

पोट फुगण्याचे कारण मला तुमच्या रात्रीच्या वाडग्यात दिसते. कच्ची मटकी, कच्चा कोबी आणि कच्चा कांदा, तेही रात्री नऊला, हे अनेकांच्या पोटाला मानवत नाही. मटकीला मोड आल्याने ती पचायला हलकी होते हे बरोबर आहे, पण तिला एक वाफ द्यावीच, आणि त्यामागे पचनाखेरीज आणखी एक कारण आहे. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल रोगजंतूंनाही तितकीच मानवते. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून पसरलेल्या ई. कोलाय जंतूमुळे ५० हून अधिक माणसे दगावली होती. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना कच्चे मोड मी देतच नाही.

धुण्याविषयी मी अंमळ जास्तच आग्रही आहे. टायफॉइड, आव, जंत हे सगळे सांडपाण्यावर पिकलेल्या किंवा अस्वच्छ पाण्याने शिंपडलेल्या भाजीतून येऊ शकतात. 'कोबीतली अळी मेंदूत जाते' ही समजूत चुकीची आहे. मैल्याने दूषित झालेल्या कोणत्याही कच्च्या भाजीवर पट्टकृमीची अंडी असू शकतात आणि ती पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात, हे मात्र खरे आहे. पालेभाजीची जुडी सोडून, मुळे कापून, पाने मोठ्या पातेल्यात बुडवून हलवा आणि पाने वर उचलून घ्या. पातेले चाळणीत उपडे केले की तळाची माती परत पानांवर बसते. पाण्यात माती दिसेनाशी होईपर्यंत हे करा, आणि शेवटचे पाणी पिण्याचे असू द्या. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून उरलेली पाने सुटी करून धुवा. काकडी-गाजर वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून मगच सोला. पावसाळ्यात मी स्वतः कच्च्या पालेभाज्या खात नाही, फक्त सोलता येणाऱ्या भाज्याच कच्च्या खाते.

तेव्हा उद्यापासून असे करून पाहा. सकाळी नाश्ता परत सुरू करा: भाजणीचे थालीपीठ व दही, किंवा मुगाचे धिरडे, किंवा लिंबू पिळलेली मटकीची उसळ. दुपारी आणि रात्री भाकरी-पोळी, डाळ आणि शिजवलेली भाजी यांच्या जोडीला एक वाटी कोशिंबीर, त्यातली रात्रीची काकडी किंवा गाजराची. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. दोन वाट्या कोशिंबीर आणि दोन वाट्या भाजी मिळून आपण त्याच्या जवळ पोहोचतो. सफरचंद चावून खा, किंवा त्याऐवजी पेरू घ्या, जो स्वस्तही आहे आणि क जीवनसत्त्वात सफरचंदाच्या कितीतरी पुढे आहे. रस आवडतच असेल तर आठवड्यातून दोनदा, अर्धा पेला, नाश्त्याबरोबर: काकडी, टोमॅटो, आवळा, पुदिना. काढला की लगेच प्या, फ्रिजमध्ये साठवू नका. आणि चोथा थालीपिठाच्या पिठात मळून टाका. गाजर-बिटाच्या चोथ्याचे थालीपीठ चांगले लागते, फक्त पीठ जरा सैल भिजवावे लागते. पोटाचा फुगारा आठ-दहा दिवसांत कमी व्हावा. न झाल्यास त्याचेही कारण डॉक्टरांकडून शोधून घ्या. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या सुरू झाल्यापासून महिन्याने हिमोग्लोबिन परत तपासा.

मुलाला रस नको. सहा वर्षांच्या मुलाचे पोट लहान असते, रसाने ते भरले की तो जेवत नाही, आणि दात गोड रसाला दिवसातून एकदा तरी उगाच सामोरे जातात. शाळेच्या डब्यात काकडीचे आणि गाजराचे लांबट तुकडे द्या, हवे तर चिमूटभर चाट मसाला लावून. घरी त्याच्यापेक्षा लहान भावंड असेल तर त्याला कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नका, ते घशात अडकतात. तीन-चार वर्षांपर्यंत गाजर किसून किंवा वाफवूनच द्यावे. कोशिंबिरीसाठी काकडी चोचवायचे काम मुलाला देता आले तर पाहा. माझ्या अनुभवात स्वतः केलेली कोशिंबीर मुले निदान चाखून तरी बघतात.